शमुवेलमामांची साक्ष

आमच्या मंडळीत प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटायचे आणि एक माणूस उघडे ठेवायचा. शमुवेलमामा. दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या कडेला ते बसत. पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की माना खाली जात, बायका पदर डोक्यावर ओढत, आणि मामा ताठ बसून समोरच्या लाकडी क्रुसाकडे बघत राहत. आम्हा पोरांना त्याची मोठी मजा वाटे. आमचेही डोळे चोरून उघडेच असत आणि मामांशी नजरानजर झाली की ते हळूच भुवई उडवत. एकदा पाळकसाहेबांनी त्यांना हटकलं. मामा म्हणाले, "साहेब, दिवसभर डोळं मिटूनच काम करतो. देवाफुडं तरी उगडं ठिवू द्या की."

ते खोटं नव्हतं. मामा वेल्डर होते. काळी काच शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असे, पण ती धरायची तर एक हात अडकतो. म्हणून ठिणगी उडायच्या क्षणाला डोळे मिटायचे, अंदाजाने रॉड ओढायचा आणि मग उघडून जोड बघायचा. भोरमध्ये निम्मे वेल्डर असंच काम करतात. कुणी सांगायला गेलं तर हसतात.

माझे वडील सायकलवरून गावोगाव ख्रिस्ती पत्रकं वाटायचे. आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे फार. मी त्यांवरच वाचायला शिकलो. छापलेला शब्द खरा असलाच पाहिजे, हा हट्ट मला तिथूनच लागला. मामांबद्दल लिहायला बसलो ते त्या हट्टापायी. मी आजही त्याच मंडळीचा सभासद आहे. कुणाला हे मंडळीविरुद्ध वाटलं तर वाटो.

उत्रोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून मामांची पत्र्याची शेड होती. वर पाटी : एबेनेजर वेल्डिंग वर्क्स. बायबलातल्या शमुवेल नावाच्या संदेष्ट्याने एक दगड उभा करून त्याला हे नाव दिलं होतं. इथवर देवाने हात दिला, असा त्याचा मतलब. गिऱ्हाईकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मामांना शामूशेट म्हणत. आंबवड्याचा एक म्हातारा पाटीकडे बघून म्हणाला होता, "शामूशेट, ही एबेनेजर कुठली कंपनी म्हनायची?"

"लई जुनी कंपनी हाय, आबा."

"मालक कोन?"

मामांनी बोट वर केलं. म्हाताऱ्याने पत्र्याकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावर बसत्यात व्हय? मग त्यांनाच बोलवा खाली, भाव तरी कमी करत्याल."

ही गोष्ट मामा स्वतः सांगत आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत.

त्यांचं खरं काम म्हणजे चाकं. भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरची रबरी चाकं काढून लोखंडी चाकं लावतात. बाहेरून येणारी चाकं जड आणि रुंद. वेल्ह्याकडच्या अरुंद खाचरांत ती रुतून बसत, बांध फोडत. मामांनी हलकी, निमुळत्या पात्यांची चाकं बनवली. पाऊस लागला की शेडपुढे ट्रॅक्टर उभे राहत. रविवारी मात्र शेड बंद. चिखलणीच्या दिवसांत एखादा शेतकरी मोडकं चाक घेऊन रविवारी यायचा, अजिजी करायचा. मामा रॉड हातात धरत नसत. त्याला घरी नेत, मार्थामामी जेवायला वाढत, आणि मग मामा शेडमधलं नवं चाक त्याच्या गाडीत टाकत. "आज इकत न्हाई. आज नुसतं वापराय न्या. सोमवारी तुमचं घेऊन या." लोकांना वाटे, हा वेडा आहे. पण ते सोमवारी येत.

या माणसाला आमच्या लोकांनी पत्रक करून टाकलं. माझा राग तिथे आहे.

सुरुवात झाली ती हंगामाच्या सणाला. भात घरात आल्यावर आमच्याकडे पहिलं पीक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तांदूळ, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्या वर्षी उपासना सुरू व्हायच्या आधी मामा आणि त्यांचा जुना कारागीर इलाही एक लोखंडी चाक उचलून आत आले आणि वेदीपुढे भोपळ्यांच्या शेजारी ठेवून दिलं. चाकाला लाल रिबीन बांधली होती.

पाळकसाहेब म्हणाले, "शमुवेल, हे काय?"

"साहेब, ज्याचं जे पीक. माझ्या रानात हेच पिकतं."

मंडळी हसली. लिलावात पंचाईत झाली, कारण आमच्यात ट्रॅक्टर एकाकडेही नव्हता. शेवटी एका निवृत्त सिस्टरबाईंनी ते घेतलं, अंगणात उभं केलं आणि त्यावर कारल्याचा वेल चढवला.

त्या दिवशी पुण्याचे एक उपदेशक पाहुणे म्हणून आले होते. गोड आवाजाचे, इस्त्रीच्या कपड्यांचे गृहस्थ. त्यांनी मामांना साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगायचं. मामांनी जसं घडलं तसं सांगितलं. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. मामा शिरवळकडे एका कारखान्यात वेल्डिंग शिकले, भांडण करून निघाले, पहिली शेड वादळात उडाली, पत्रे दुसऱ्याच्या उसात सापडले. पहिलं चाक इतकं वाकडं झालं की ट्रॅक्टर लंगडत चालायला लागला. लोक पोट धरून हसले, आणि शेवटी मामा म्हणाले, "तरीबी देवानं हात सोडला न्हाई," तेव्हा गप्प झाले. मी त्याआधी इतकी चांगली साक्ष ऐकली नव्हती.

काही महिन्यांनी तिचं पत्रक छापून आलं. वर मामांचा फोटो, हातात चाक. त्यात उडालेले पत्रे नव्हते, भांडण नव्हतं, लंगडा ट्रॅक्टर नव्हता. विश्वास ठेवला आणि भरभराट झाली, एवढंच होतं. माझ्या वडिलांनी ते मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत वाटलं.

मग मामांना बोलावणी यायला लागली. आज साताऱ्याला, उद्या पुण्याला. पुण्यात ख्रिस्ती उद्योजकांचा मेळावा झाला. तिथे छातीवर लावायला बिल्ला दिला. त्यावर बारीक अक्षरांत नाव आणि ठळक अक्षरांत 'मालक, एबेनेजर'. मामा तो बिल्ला लावूनच एस.टी.तून भोरला आले. व्यासपीठावर कुणी सांगितलं होतं की तुमचा धंदा हीच तुमची ओळख, तुमची भरभराट बघून लोक देवाला ओळखतील. मामांनी हे वाक्य पाठ केलं. मला ते तेव्हाही खटकलं होतं. ज्याचा धंदा बसला त्याने मग कुणाच्या नावाने दार ठोठावायचं? खडी फोडून मेलेल्या मामांच्या बापाला देव ओळखत नव्हता का? पण मेळाव्यात असे प्रश्न विचारत नाहीत. तिथे टाळ्या वाजवतात.

हळूहळू मामा पत्रकासारखे बोलायला लागले. साक्षीतून वाकडं चाक गेलं. आंबवड्याच्या आबांची गोष्ट गेली. "काय मामा, कसं काय?" म्हटलं की एकच उत्तर, "आशीर्वाद!" बाहेर मात्र दिवस फिरले होते. तयार चाकं स्वस्तात मिळायला लागली. वेल्ह्याकडची खाचरं विकली जाऊन तिथे फार्महाऊसं उठली, भाताच्या जागी हिरवळ आली. शेडपुढे ट्रॅक्टर थांबेनासे झाले. इलाही म्हणायचा, "शेट, आपन बी गेटं बनवू. बंगलेवाल्यांना गेटं लागत्यात."

"आपलं काम चाकाचं हाय."

"चाक कोन घेतंय आता?"

"देव गिऱ्हाईक धाडंल."

"धाडंल तवा धाडंल. तवर गेट तरी बनवू!"

मंदी हा शब्द मामांना तोंडातून काढता येईना. आशीर्वादित माणसाला मंदी कशी येईल? तो शब्द एकदा उच्चारला असता तर पत्रक फाटलं असतं.

त्यातच डोळे जायला लागले. पहिल्यांदा कळलं ते मार्थामामींना. मामा कपबशी टेबलाच्या कडेपलीकडे ठेवत आणि ती फुटली की टेबलावर चिडत. मामी माझ्या आईला म्हणाल्या, "समोरचं दिसतंय त्यांना, पन बाजूनं मी आले तर दचकत्यात. लग्नाला इतकी वर्सं झाली, आता कुठं माझी भीती वाटाय लागली." दोघी हसल्या. मग मामी रडल्या. मामींनी पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. मामा जायला तयारही झाले होते.

दवाखान्याच्या तारखेआधी भोरला त्याच उपदेशकांची सभा आली. मैदानात मंडप उभारला. मामींनी मामांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करा म्हणून भाबडेपणाने पाळकसाहेबांच्या कानावर घातलं होतं; ते व्यासपीठापर्यंत पोचलं. गाणी झाली, उपदेश झाला आणि उपदेशकांनी मामांना वर बोलावलं. "ह्या बंधूला तुम्ही सगळे ओळखता. देवाने ह्यांच्या धंद्याला हात दिला. आज तो ह्यांच्या डोळ्यांना हात देणार आहे." त्यांनी मामांच्या डोळ्यांवर तळवे ठेवले आणि मोठ्याने प्रार्थना केली. सगळं मैदान हात वर करून उभं होतं. पेटी वाजत होती. मग तळवे काढून त्यांनी मामांच्या नाकासमोर बोटं धरली.

"दिसतात?"

मामांनी उगाच डोळे चोळले.

"भाऊ, विश्वासाने सांगा. दिसतात?"

"दिसत्यात," मामा म्हणाले.

"मोठ्याने!"

"दिसत्यात!"

मैदान गरजलं. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. मामांचा चेहरा मला अजून आठवतो. चारचौघांत कापड फाटल्यावर माणूस जसा हसतो, तसे ते हसत होते.

घरी जाताना मामींनी विचारलं, "खरं सांगा, दिसली बोटं?"

"दिसली."

"ती तर कालबी दिसत व्हती की."

दवाखान्याची तारीख आली तेव्हा मामी साडी नेसून, पिशवी भरून तयार होत्या. मामा खाटेवरून उठले नाहीत. "समद्या भोरासमोर दिसतंय म्हनून सांगितलं. आता दवाखान्यात कुठल्या तोंडानं जाऊ? तिथं आपल्यातलं कोन भेटलं तर काय म्हनंल? देव खोटा का मी खोटा?"

"तुमी खोटं असू द्या. डोळं तर ऱ्हातील!"

"मी खोटा ठरलो तर ऱ्हातंय काय माझं?"

मामींनी पिशवी परत रिकामी केली. हे मला त्यांनीच सांगितलं. आपल्या माणसाचे डोळे वाचवायला निघालेली बाई, आणि तिच्या वाटेत कोण आडवं आलं? सैतान नाही, गरिबी नाही. आडव्या आल्या टाळ्या.

पुढच्या पत्रकात डोळ्यांचा मजकूर वाढवून छापला.

त्या पावसाळ्यात मार्गासनीचा नवनाथ नावाचा तरुण मामांकडे आला. भाड्याने ट्रॅक्टर चालवायचा. बापाच्या वेळेपासून शामूशेटचीच चाकं, म्हणून तयार चाकं न घेता त्याने मामांना जोडी सांगितली. किती दिवसांनी चाकाचं काम आलं होतं! मामांनी ते हातात घेतलं तसे ते दहा वर्षांनी तरुण झाले. इलाहीने जोडणी झाल्यावर हात फिरवून बघितलं. मधल्या तुंब्यापाशी, जिथे चाक आसाला बसतं तिथे, एका ठिकाणी जोड बसलाच नव्हता, रॉड शेजारून गेला होता.

"शेट, हितं सुटलंय. मी एक टाका मारतो."

"माझी चाकं मीच जोडतो."

"जोडा की. पन हितं बगा तरी."

"बगितलंय म्या."

"दिसत न्हाई तर गप ऱ्हावा ना शेट, कशाला..."

मामांनी हातातला हातोडा खाली आपटला. "दिसतंय मला! समद्या गावानं ऐकलंय, मला दिसतंय!"

इलाही त्या दिवशी न जेवता घरी गेला. दुसऱ्या दिवशी येऊन टाका मारायचाच, असं त्याने ठरवलं होतं. तो यायच्या आत नवनाथ सकाळीच चाकं घेऊन गेला होता.

मार्गासनीच्या वरच्या बाजूला, उताराच्या खाचरात ते चाक तुंब्यातून निखळलं. ट्रॅक्टर कलला. नवनाथने उडी मारली, पण एक पाय खाली आला. पुण्याला नेईपर्यंत वेळ गेला. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

मामांनी शेडमधली यंत्रं विकून दवाखान्याचा खर्च उचलला. कुणी मागितला नव्हता. वॉर्डात गेले तेव्हा नवनाथने भिंतीकडे तोंड केलं. त्याची आई खाटेशी बसली होती. तिच्या गावातही पत्रक पोचलंच होतं. डोळ्यांचं पत्रकही माझ्या वडिलांनीच तिकडे वाटलं होतं. ती मामांना म्हणाली, "तुमच्या देवानं तुमाला डोळं दिलं, अन् माझ्या लेकाचा पाय घेतला व्हय? असा सवदा केला का त्येनं?"

मामांनी हात जोडले. ते हात खाली आणायचं त्यांना सुचेना. मामींनी ते आपल्या हातांनी खाली केले.

मंडळीत कुणी म्हणालं, हा सैतानाचा हल्ला आहे, चांगल्या साक्षीवर तो येतोच. मामा म्हणाले, "सैतान बिचारा वेल्ह्याला आलाच न्हवता. जोड म्या चुकवला." पण हे घरात, दोघाचौघांत. चारचौघांपुढे बोलायचं बळ अजून आलं नव्हतं.

यानंतर मामा मामींबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगचं निमित्त, मूळ काचबिंदू. रोज थेंब घातले असते तर होतं ते टिकलं असतं. गेलेलं परत येत नाही. मामांनी विचारलं, "सभेच्या वख्ताला आलो असतो तर?" डॉक्टरांना कुठली सभा ते कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला मामींना ताप होता, म्हणून मी बरोबर गेलो. परतताना स्वारगेटला भोरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तेव्हा मामांना समोरचंही धुरकट झालं होतं. कॉलेजातली एक मुलगी पत्रकं वाटत आली. चांगली, मनापासून वाटत होती. तिने मामांच्या हातात एक ठेवलं. मी ते ओळखलं आणि घ्यायला हात पुढे केला, पण मामांनी सोडलं नाही.

"काय हाय बाळ यात?"

"साक्ष आहे, काका. एका वेल्डरची. देवाने त्यांचे डोळे उघडले."

"मला बारीक अक्षर दिसत न्हाई. वाचून दावतीस?"

ती शेजारी बसली आणि स्वच्छ आवाजात वाचू लागली. गाड्यांचा गोंगाट, फलाटाच्या घोषणा, आणि मधे ती मामांना त्यांचंच आयुष्य वाचून दाखवते आहे. मामा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी "हं" केलं. संपल्यावर म्हणाले, "झ्याक लिवलंय. हा मानूस हाय का अजून?"

"असतील ना काका. भोरकडचे आहेत."

"भेटला तर सांग त्येला, तुझी वाट बगून लई दमलो म्हनावं."

मुलगी गोंधळली, हसली आणि पुढच्या बाकाकडे गेली.

त्या रविवारी साक्षींची वेळ आली तेव्हा मामा उठले. पाळकसाहेबांना बरं वाटलं असावं; म्हणाले, "या, शमुवेल." मामा बाकाला धरून जागेवरच उभे राहिले.

"मंडळी, माझी साक्ष खोटी हाय. मला दिसलं न्हवतं. जेवढं आदी दिसत व्हतं तेवढंच दिसलं. तुमी समदे उभे व्हता, मला न्हाई म्हनवंना. त्या न दिसन्यातनं म्या चाक जोडलं अन् पोराचा पाय घेतला."

कुणीतरी पेटीवर सूर धरला. एका बाजूने गाणं सुरू झालं आणि सगळ्यांनी ते घाईघाईने उचललं. बुडणाऱ्याने फळी धरावी तशी माझी मंडळी गाण्याला धरून होती. मामा उभेच राहिले. सगळी कडवी झाली. शेवटचा सूर थांबला तेव्हा ते तिथूनच पुढे म्हणाले, "धंदा बुडाला म्हनून देव बुडाला असं मी म्हनत न्हाई. पन तुमाला देव दावायचा सोडून म्या धंदा दावला. त्यो गेल्यावर आता माझ्याकडं दावायला काय न्हाई. तुमच्यातल्या कुनाचा धंदा बसला आसंल तर इथं येऊन सांगा. मी ऐकून घीन. बसतो."

कुणी उभं राहिलं नाही. पाळकसाहेबांनी अर्पण घ्यायला सांगितलं.

मंडळीने त्यांना काढलं नाही. काढलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी मामांशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, आजाऱ्याच्या खाटेशी बोलतात तसं. हात हातात घेत, पण बाकावर शेजारी बसत नसत. उपदेशक पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. माझ्या वडिलांनी पत्रकाचा उरलेला गठ्ठा बंबात घातला आणि त्या पाण्याने अंघोळ केली.

शेड इलाहीने भाड्याने घेतली. तिथे आता बंगल्यांची गेटं होतात. तो मामांना रोज बोलवायचा, "शेट, नुसतं येऊन बसा, हिकडं मन रमंल." मामा एकदाच गेले. ठिणगीचा आवाज ऐकला आणि सवयीने डोळे मिटले. आता मिटायचं काही कारण उरलेलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते उठून घरी आले.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खाटेच्या कडेवर बसले होते. अंगात शर्ट होता, बटणं उघडी. म्हणाले, "सकाळी उठलो की मला कळत न्हाई कोन उठलंय. आदी शेडवाला उठायचा. मंग साक्षवाला उठायचा. आता कोन उठतंय रं?"

मी पत्रकांवर वाढलेला. माझ्या तोंडून पटकन निघालं, "देवाचं लेकरू, मामा."

"ते मी लई लोकांना सांगितलं," ते म्हणाले. "म्हनायला सोपं हाय. आता मला कुनीतरी पटवून द्या." आणि बटणं लावायला लागले. एक घर चुकलं होतं, शर्ट वरखाली झाला. मामींनी येऊन पुन्हा सगळी बटणं काढली.

मग त्यांनी मार्गासनीला जायला सुरुवात केली. भोरहून नसरापूरच्या फाट्यापर्यंत एक गाडी, तिथून वेल्ह्याची दुसरी. नवनाथच्या दारात ओट्याच्या पायरीशी जाऊन बसायचं. आधी मामी बरोबर असत. नवनाथची आई म्हणायची, "कशाला आलाय?" मामा म्हणायचे, "काय काम आसंल तर सांगा." "काम? तुमाला?" ती हसायची, ते हसणं ऐकवत नसे, असं मामी सांगत. तिने पाणी विचारलं नाही. पुन्हा येऊ नका म्हणून बजावलं. मामा पुन्हा गेले. एकदा तिने रागारागाने वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप त्यांच्यापुढे आदळलं. मामांनी चाचपून चाचपून सगळ्या शेंगा सोलल्या आणि सूप ओट्यावर सरकवलं. तिने ते उचलून आत नेलं. आतून नवनाथच्या कुबडीचा आवाज यायचा, दारापर्यंत येऊन थांबायचा आणि परत फिरायचा.

मी मामींना म्हणालो, "हे असं किती दिवस चालणार? त्याला बोलायचं नसेल तर?"

मामी म्हणाल्या, "न्हाई बोलला तर न्हाई. यांना जायाला एक जागा ऱ्हायलीय. ती बी बंद करू का?"

मी मामांना शेवटचं पाहिलं ते नसरापूरच्या फाट्यावर. मी पुण्याहून भोरच्या गाडीत होतो, खिडकीशी. फाट्याला गाडी हळू झाली. ऊन चढलं होतं, रस्त्यावर धुरळा होता, आणि मामा एकटेच कडेला उभे होते. हातात काठी. मामी त्या दिवशी का नव्हत्या, ठाऊक नाही. आजूबाजूला माणसं होती, वडापावची गाडी होती, पण जो तो आपल्या घाईत. वेल्ह्याची गाडी कधी येते हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. आवाज जड असला की हात वर करायचा. टेम्पो आला, हात. पाण्याचा टँकर आला, हात. टँकरवाल्याने जोरात हॉर्न दिला आणि अंगावर धुरळा उडवून गेला. मामांनी बाहीने तोंड पुसलं.

मग त्यांनी आमच्या गाडीला हात केला.

मी खिडकीतून ओरडलो, "मामा, ही भोरची! वेल्ह्याची नाही!" आवाज ओळखला की नाही, कोण जाणे. त्यांनी मान डोलावली आणि हात खाली घेतला. आमची गाडी वळणाला लागली. मी मान बाहेर काढून मागे बघितलं. आमच्या मागून एक डंपर येत होता, आणि मामांचा हात पुन्हा वर गेला होता.